कूपर्सच्या साखरगोळ्या, पाकिटातलं जिलेटिन आणि जुना फ्रीज

घरी केलेल्या बिअरला बाटलीत फेस यावा म्हणून कूपर्सचे कार्बोनेशन ड्रॉप्स, म्हणजे साखरेच्या गोळ्या, मिळतात. त्यांच्याबद्दल दोन टोकांची मतं कानावर येतात. नवखे म्हणतात, यांच्याशिवाय बाटल्या भरायच्याच कशा? मुरलेली मंडळी म्हणतात, साखर महाग विकायचा धंदा आहे नुसता. मला दोन्ही पूर्ण पटत नाहीत. आणि बिअर आंबून झाल्यापासून ती ग्लासात पडेपर्यंत जे जे सामान दुकानदार आपल्या गळ्यात मारतो, त्यातल्या बऱ्याच गोष्टींची गरज नसते, हेही सांगायचं आहे. म्हणून एकट्या गोळ्यांबद्दल न लिहिता या शेवटच्या टप्प्याच्या सगळ्याच खरेदीबद्दल लिहिते.

मी मूळची मिरजेची, राहते मेलबर्नच्या पश्चिमेला. नोकरी पाण्याच्या प्रयोगशाळेत. पाण्याचा गढूळपणा मोजणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे ग्लासातली बिअर धुरकट दिसली की सुट्टीच्या दिवशीही माझ्या कपाळावर आठी पडते. नवऱ्याला याचं काही नाही. त्याच्या मते बिअर थंड असली की झालं. (इथे ऑस्ट्रेलियात स्वतःपुरती घरी बिअर करायला मुभा आहे, विकायला नाही. महाराष्ट्रात मात्र १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय हा उद्योग गुन्हा ठरतो, तेव्हा तिकडच्या वाचकांनी हे फक्त वाचावं.)

आंबणं संपलेली बिअर सपक असते आणि गढूळही. तिला नितळ करायचं म्हणजे यीस्ट बाहेर काढायचं. तिच्यात फेस आणायचा म्हणजे त्याच यीस्टला बाटलीत थोडी साखर खाऊ घालायची. ही दोन कामं एकमेकांच्या विरुद्ध आहेत असं वाटतं, आणि त्या भीतीवरच अर्धं सामान खपतं.

आधी गोळ्या. कूपर्स ही ॲडलेडची ब्रुअरी, १८६२ मध्ये टॉमस कूपर यांनी सुरू केलेली आणि आजही त्याच घराण्याकडे असलेली. त्यांची हिरव्या लेबलची पेल एल आणि लाल लेबलची स्पार्कलिंग एल (एल हा बिअरचाच एक प्रकार) बाटलीतच दुसऱ्यांदा आंबतात. तळाला साका असतो आणि तो लपवण्याची त्यांना गरज वाटत नाही, उलट बाटली आडवी लोळवून साका उठवून पिणारे भक्त इथे भरपूर आहेत. तेव्हा बाटलीतल्या साखरेचं गणित या लोकांना कळत असणार, असं मानून मी पहिलं पाकीट घेतलं होतं. २५० ग्रॅमचं पाकीट, आत साधारण ८० गोळ्या, म्हणजे एक गोळी तीन ग्रॅमच्या जरा वर. दिसायला खडीसाखरेच्या भावंडासारखी. ३७५ मिलीच्या बाटलीत एक, ७४० किंवा ७५० मिलीच्या बाटलीत दोन. चिमटा नको, वजनकाटा नको, टाका आणि बूच लावा.

यातली ग्यानबाची मेख अशी की गोळी अर्धी करता येत नाही. वरचा हिशेब लिटरमागे आठ ग्रॅमच्या थोडा पुढे जातो. बिअरमधला वायू मोजायची पद्धत सोपी आहे: एक लिटर बिअरमध्ये किती लिटर कार्बन डायऑक्साइड विरघळला आहे, एवढंच बघायचं. वीस अंश सेल्सिअसला आंबलेल्या बिअरमध्ये तो आधीच ०.८५च्या आसपास असतो. लिटरला चार ग्रॅम साखर घातली की साधारण एकाची भर पडते. म्हणजे आठ-सव्वाआठ ग्रॅमला आकडा तीनच्या घरात जातो. स्पार्कलिंग एलसारख्या चुरचुरीत बिअरला हे शोभतं. पण बिटर नावाची इंग्लिश बिअर दीड ते दोनवर छान लागते, अमेरिकन पेल एलला अडीच पुरेसं होतं, आणि तीन म्हणजे ग्लासात अर्धा फेस. ३३० मिलीच्या बाटलीत एक गोळी टाकली तर आकडा सव्वातीनजवळ पोचतो. याउलट जर्मन व्हीट बिअरला साडेतीनपर्यंत हवं असतं, तिथे ही मात्रा कमी पडते.

म्हणून माझा सल्ला पाकिटावर नसलेला आहे: ५०० मिलीच्या बाटल्या जमवा. अर्ध्या लिटरला एक गोळी म्हणजे लिटरला सहा ग्रॅमच्या थोडं वर, एकूण वायू २.४ ते २.५. पेल एल, आयपीए, लागर, सगळ्यांना चालेल असा आकडा. जर्मन बिअरच्या अर्ध्या लिटरच्या जाड तपकिरी बाटल्या मिळाल्या तर सोन्याहून पिवळं. या मापाच्या बाटलीत गोळ्यांना माझे पाचपैकी साडेचार. ३७५ला तीन. आणि बिटर किंवा स्टाउटसाठी या गोळ्या घेऊच नयेत.

साखर तोलून घालणं स्वस्त पडतं यात वादच नाही. गोळ्यांच्या पाकिटाच्या पैशांत सुपरमार्केटातली साधी पांढरी साखर दोन-तीन किलो येते, आणि यीस्टला दोन्हींत फरक कळत नाही. बावीस लिटर बिअरला लिटरमागे सहा ग्रॅम धरले तर १३२ ग्रॅम साखर. पेलाभर पाण्यात पाच मिनिटं उकळायची, निववायची, स्वच्छ बादलीत ओतायची आणि वर नळीने बिअर सोडायची. नळीचं तोंड तळाला टेकलेलं हवं, खळखळाट अजिबात नको. डेक्स्ट्रोज (ग्लुकोजची भुकटी) वापरत असाल तर वजन दहा टक्क्यांनी वाढवायचं, कारण त्यात थोडं पाणी असतं. दुकानदार डेक्स्ट्रोजच घ्या म्हणून मागे लागतो. एवढ्याशा मात्रेत चवीत फरक पडत नाही, मी आता घरातल्या डब्यातली साखरच घेते.

इंटरनेटवरचे साखरेचे गणक वापरताना एक चौकट नीट भरा. ते बिअरचं तापमान विचारतात. तिथे फ्रीजमधलं दोन अंश लिहायचं नाही. आंबणं संपत आल्यापासून बिअर जास्तीत जास्त जितकी उबदार झाली असेल, तो आकडा लिहायचा. उबेत निघून गेलेला वायू नंतर गार केल्याने परत येत नाही. दोन अंश लिहिलं तर गणकाला वाटतं बिअरमध्ये आधीच भरपूर वायू आहे, तो साखर कमी सांगतो, आणि मग फेस का आला नाही म्हणून बिचाऱ्या यीस्टवर खापर.

मग गोळ्यांना एवढं महत्त्व का देते? बादलीमुळे. तोललेली साखर सारखी मिसळायला बिअर दुसऱ्या भांड्यात घ्यावी लागते, आणि प्रत्येक वेळी भांडं बदललं की हवा लागते. आंबून झालेल्या बिअरला ऑक्सिजन सोसत नाही. हॉप्सचा (बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांचा) वास आधी जातो, मग ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते. गोळी वापरली की फर्मेंटरच्या, म्हणजे बिअर आंबते त्या पिंपाच्या, नळातून थेट बाटलीत. नळाला लागणारी, तळाला झडप असलेली भरायची नळी घ्याच. स्वस्त आहे, आणि काठोकाठ भरून ती बाहेर काढली की बाटलीच्या मानेत बरोबर हवी तेवढी जागा सुटते. हॉप्स जास्त घातलेल्या बिअरला मी अजूनही गोळ्याच वापरते, साखर कितीही स्वस्त असो.

आता नितळपणा. दुकानाच्या एका कोपऱ्यात यासाठी एक अख्खं कपाट असतं, आणि तिथे माझं डोकं फिरतं.

व्हर्लफ्लॉकच्या गोळ्यांचंच उदाहरण घ्या. वस्तू चांगली आहे. लाल समुद्री शेवाळातलं कॅरॅजीनन असतं त्यात. वर्ट (माल्टचं, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या सातूचं, अजून न आंबलेलं गोड पाणी) उकळताना शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांत अर्धी गोळी टाकली की प्रथिनं एकमेकांना चिकटून गोळे होतात आणि निवताना खाली बसतात. पण हे काम उकळत्या पातेल्यातच होतं. माझ्या डोळ्यांदेखत एका दुकानात १.७ किलोच्या डब्याचं, तयार माल्ट-अर्काचं किट घेणाऱ्या मुलाला त्या गोळ्यांची बाटलीही बांधून दिली. डब्यातला अर्क गरम पाण्यात विरघळवून तेवीस लिटरपर्यंत गार पाणी घालायचं असतं, त्यात उकळणं येतंच कुठे? दुकानाचं नाव लिहीत नाही, पण असं विकणारे ते एकटे नाहीत. डबा वापरत असाल तर या गोळ्यांवर पैसे घालू नका.

जिलेटिन हे माझ्या धंद्याच्या जवळचं. विहिरीच्या गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की मातीचे कण एकत्र येऊन तळाला जातात, तसंच हे काम आहे: यीस्टच्या पेशींवर ऋण भार, जिलेटिनवर धन, दोघं एकमेकांना धरतात आणि जड होऊन बसतात. होमब्रूच्या दुकानात छोट्या पुड्यांवर ‘बिअर फाइनिंग्ज’ (बिअर नितळ करायची द्रव्यं) लिहून जे मिळतं, ते पुष्कळदा हेच असतं. सुपरमार्केटात जेलीच्या शेजारी ठेवलेलं बिनचवीचं जिलेटिन तेच काम करतं आणि खूप स्वस्त पडतं. पाऊण चमचा जिलेटिन पेलाभर गार पाण्यात दहा मिनिटं फुलवायचं, मग ६५ ते ७० अंशांपर्यंत गरम करायचं. उकळायचं नाही, उकळलं की त्याची पकड जाते. ते थेट गार बिअरमध्ये हलकेच ओतायचं. एक-दोन दिवसांत काम झालेलं असतं.

बिअर गारच हवी, हे कुठल्याही पुडीवर ठळक लिहिलेलं मी पाहिलं नाही. पेल एल खोलीत नितळ दिसते आणि फ्रीजमध्ये गेली की धुरकट होते, हे बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. माल्टमधली प्रथिनं आणि माल्ट-हॉप्समधले पॉलीफिनॉल (तुरट द्रव्यं) गारव्यात एकमेकांना चिकटतात, तो हा धुरकटपणा. उबेत ते परत विरघळतात. मग उबदार बिअरमध्ये जिलेटिन टाकून ते पकडणार काय? आधी बिअर चार-पाच अंशांखाली न्यायची, धुरकटपणा पूर्ण येऊ द्यायचा, आणि मग जिलेटिन घालायचं.

शेजारी नागपूरचे एक कुटुंब आहे. भाऊजी पक्के शाकाहारी, पण बिअरवर त्यांचं मनापासून प्रेम. एकदा ग्लास हातात घेऊन विचारते झाले, “वहिनी, ह्याच्यात अंडं-मासा तर काही नाही न?” त्या वेळच्या बिअरमध्ये काहीच घातलेलं नव्हतं, म्हणून बिनधास्त नाही म्हटलं. पण प्रश्न रास्त होता. जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्याचं. आयझिंग्लास हे बिअर नितळ करायचं दुसरं द्रव्य तर सरळ माशाच्या पोटातल्या फुग्याचं. आपल्या पालघर-सातपाटीच्या कोळ्यांना घोळ माशाच्या बोताचा, म्हणजे त्या फुग्याचा, भाव मी काय सांगणार! तसल्याच वाळवलेल्या फुग्यांपासून इंग्लंडच्या पबांमधली पिंपांतली एल पिढ्यान्‌पिढ्या नितळ होत आली आहे. आयर्लंडच्या गिनेस ब्रुअरीनेही हा वापर थांबवायचं २०१५ मध्ये जाहीर केलं आणि गाळण्याची नवी यंत्रणा आणली. वाइन नितळ करायला दोन पुड्यांची जोडी मिळते, तीत दुसरी पुडी बहुधा कायटोसनची असते, ती कोळंबी-खेकड्याच्या टरफलांपासून. माझी खरी तक्रार लेबलांबद्दल आहे. मी घेतलेल्या एका पुडीवर आत काय आहे याचा एक शब्द नव्हता, आणि विचारल्यावर काउंटरवरच्या माणसाने खांदे उडवले. घरी पाहुणे येणार, त्यांना काय सांगायचं? शाकाहारी घरासाठी सिलिकाचं पातळ द्रावण मिळतं, ते घ्यावं. जिलेटिनइतकं झटपट नाही, पण प्रामाणिक आहे, आणि भाऊजींसाठीच्या बिअरला मी तेच घालते.

तरीही, या कपाटातलं काहीच नसलं तर अडतं का? नाही. मी सगळ्यात वरचा नंबर देते जुन्या फ्रीजला. कुणीतरी घर बदलताना काढून टाकलेला, फर्मेंटर उभा मावेल असा, आणि सोबत इंकबर्डचा आयटीसी-३०८ तापमान नियंत्रक. त्याला दोन सॉकेट असतात: एकात फ्रीज, दुसऱ्यात गरम पट्टा. आंबताना १८-१९ अंश, आंबणं संपल्यावर सरळ एक-दोन अंशांवर. आठवडाभर तसंच राहू दिलं की यीस्ट, प्रथिनं, हॉप्सचा चुरा, सगळ्याचा घट्ट साका होतो. एस-०४सारखं इंग्लिश यीस्ट असेल तर तो तळाला असा चिकटून बसतो की बिअर ओतताना हलत नाही. यूएस-०५ हे अमेरिकन यीस्ट जरा रेंगाळतं. म्हणजे नितळपणाचा निम्मा निर्णय यीस्ट निवडतानाच, फुकटात होऊन जातो. फर्मेंटरला एअरलॉक (वायू बाहेर सोडणारी, पाणी भरलेली झडप) असेल तर गार करण्याआधी तो काढून तोंडावर स्वच्छ फिल्म ताणून बसवा, नाहीतर बिअर आकसताना एअरलॉकमधलं पाणी आत ओढलं जातं. व्हीट बिअर किंवा धुरकटच असायला हवी अशी हेझी आयपीए करत असाल, तर यातलं काहीही करू नका. मला तसल्या आयपीएचा मोह नाही, पण ती माझी आवड.

इथे ती जुनी भीती येते: एवढी नितळ केल्यावर बाटलीत यीस्ट उरणार का? उरतं. डोळ्यांना काचेसारखी दिसणाऱ्या बिअरमध्येही मिलिलिटरला लाखो पेशी तरंगत असतात, आणि तेवढी साखर खायला त्या पुरतात. फार तर फेस यायला काही दिवस जास्त लागतात. बाटलीत भरताना नवीन यीस्ट घालायची पुडी विकतात, ती महिनोन्‌महिने मुरवलेल्या किंवा फार कडक बिअरसाठी ठीक. साडेचार-पाच टक्क्यांच्या पेल एलला ती विकत घेणं म्हणजे पैसे पाण्यात. फक्त बिअर गाळणीतून काढलेली नसावी.

बाटल्यांमध्ये कूपर्सच्याच ७४० मिलीच्या तपकिरी प्लॅस्टिक बाटल्या पहिल्यांदा घ्यायला उत्तम. त्या फुटत नाहीत, झाकणं हातानेच फिरवायची, कॅपर (बूच दाबून बसवायचं यंत्र) लागत नाही. मुख्य म्हणजे बाटली दाबून आतली प्रगती कळते: भरल्या दिवशी मऊ, वायू झाला की दगडासारखी टणक. एका खोक्यात पंधरा, म्हणजे तेवीस लिटरच्या किटला दोन खोकी. फार गरम पाण्याने धुतल्या तर आकार बिघडतो, आणि आतून ब्रश लावला की चरे पडून जंतूंना घर मिळतं. सोडियम परकार्बोनेटमध्ये (धुण्याच्या पावडरीत) भिजवून, खळबळून, स्टारसॅन या जंतुनाशकाचा हात फिरवला की पुरे. प्लॅस्टिकमधून हवा हळूहळू शिरते, म्हणून वर्षभर ठेवायची बिअर यात भरू नये. चार महिन्यांत पिऊन संपणारी असेल तर चिंता नाही. माझ्याकडे आता बहुतेक काचेच्या आहेत, पण प्रत्येक खेपेला एक प्लॅस्टिकची भरतेच. ती टणक झाली की बाकीच्याही तयार.

काचेत फिरवून उघडायच्या झाकणाच्या बाटल्या घेऊ नका. ऑस्ट्रेलियात त्या रस्तोरस्ती फुकट मिळतात, पण त्यांची काच पातळ असते आणि हातातल्या कॅपरने झाकण नीट बसत नाही. आणि कुठलीही बाटली असो, हायड्रोमीटरचा (बिअरची घनता मोजणाऱ्या काचेच्या नळीचा) आकडा दोन-तीन दिवस जागचा हलला नाही याची खात्री झाल्याशिवाय भरू नका. आंबायचं बाकी असलेल्या बिअरमध्ये वरून साखर घातली की ती बाटली फुटते, आणि काच फुटते तेव्हा ती कुणाकडे बघत नाही. हायड्रोमीटर या यादीतलं सगळ्यात स्वस्त उपकरण आहे. दोन घ्या, कारण एक हमखास हातून निसटतो.

भरल्यावर बाटल्या उबेत, वीस अंशांच्या आसपास, दोन आठवडे. मेलबर्नच्या जुलैमध्ये आमच्या घराची मागची खोली पंधरावरच असते, तिथे हेच काम महिनाभर चालतं. म्हणून खोकी पुन्हा त्याच फ्रीजमध्ये, यावेळी गरम पट्ट्याला जोडून २१ अंशांवर. फ्रीजचा असाही उपयोग होतो हे घेताना माझ्या डोक्यात नव्हतं. मग तीन-चार दिवस साध्या फ्रीजमध्ये उभ्या, आडव्या नाहीत. वायू बिअरमध्ये नीट विरघळायला आणि उरलासुरला साका घट्ट व्हायला तेवढे लागतात. पहिल्याच संध्याकाळी उघडली तर फेस भसकन वर येतो आणि घोट मात्र सपक लागतो.

ओतताना बाटली एकदा तिरकी केली की परत सरळ करायची नाही, सगळे ग्लास एका ओघात भरायचे आणि तळाची बोटभर बिअर बाटलीतच ठेवायची. भाऊजींना ती बोटभर बिअर टाकलेली बघवत नाही. त्यांनी आता स्वतःपुरती सोय केली आहे: स्वतःची बाटली ते कूपर्सवाल्यांसारखी टेबलावर लोळवून घेतात आणि गढूळच पितात.